टेन्सरफ्लोला नमपाय १ हवं, ओपनसीव्हीला २. मधे मी.

पानगळ | शनिवार, रात्री ११:४२

चार रात्री गेल्या, आता हात टेकले. कुणी जागं असेल तर बघा.

मी निफाड तालुक्यातला. द्राक्षाच्या पानांचे फोटो बघून डाऊनी, भुरी (दोन्ही पानांवरचे रोग) की निरोगी, हे सांगणारं एक छोटं मॉडेल दोन वर्षांपूर्वी टेन्सरफ्लो २.१५ ह्या मशीन लर्निंगच्या लायब्ररीवर शिकवलं होतं. जुन्या लॅपटॉपवर छान चालायचं. तो लॅपटॉप गेला. मॉडेलची फाईल वाचली, पण कुठल्या लायब्ररीची कुठली आवृत्ती होती ते कुठेच लिहून ठेवलं नव्हतं. शिव्या नंतर द्या.

नव्या लॅपटॉपवर उबुंटू २४.०४ आहे. त्यातल्या पायथन ३.१२ वर टेन्सरफ्लो २.१५ मिळेचना, "नो मॅचिंग डिस्ट्रिब्युशन". दोन तास स्पेलिंग तपासण्यात गेले. मग कळलं की २.१५ हे ३.१२ साठी बनवलेलंच नाही, ३.११ वर संपतं. म्हणून पायथन ३.११ वेगळं घेतलं, व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (ह्या कामापुरतं वेगळं फोल्डर, बाकी पायथनला धक्का नाही) केलं, टेन्सरफ्लो बसलं. आनंदात चहा.

मग मावसभावाने कॅमेऱ्याचा कोड दिला, त्याला ओपनसीव्ही (फोटो-व्हिडिओ हाताळणारी लायब्ररी) ४.१२.०.८८ लागतं. पिपने (पायथनची पॅकेजं बसवणारं हत्यार) टाकलं. मधे काहीतरी लाल आलं, पण शेवटी "सक्सेसफुली इन्स्टॉल्ड" होतं. चालवलं तर टेन्सरफ्लोच मेलं. म्हणे नमपाय (आकड्यांचे तक्ते, म्हणजे ॲरे, हाताळणारी लायब्ररी, दोघांनाही लागते) १.क्ष वर कंपाईल केलेलं मॉड्यूल नमपाय २.२.६ मध्ये चालू शकत नाही, क्रॅश होईल.

नमपाय खाली आणून १.२६.४ केलं. आता ओपनसीव्हीची तक्रार. तशातच अल्ब्युमेंटेशन्स हे आणखी एक पॅकेज टाकलं तर नमपाय परत २.२.६! एकाला बसवावं तर दुसरा उठतो. गोडी छाटणी झाली आहे, परतीचा पाऊस डोक्यावर आहे, पुढचे पंधरा दिवस डाऊनीचे. ही भानगड आत्ताच सुटायला हवी.

(इथला एडिटर रोमन कोडमधले दोन डॅश एक करून टाकतो, म्हणून सगळं देवनागरीत लिहितोय. तुम्हीही तसंच लिहिलंत तरी चालेल, मी समजून घेईन.)

तिखटजाळ | रात्री ११:५८

सोपं आहे. सगळं उडवा, सुडो (ॲडमिनचे अधिकार) लावून पिप चालवा, शेवटी ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस हा पर्याय जोडा. माझं नेहमी चालतं.

डेबियनवाला | रात्री १२:०४

तिखटजाळ, त्या पर्यायाचं नाव तरी वाचा हो. "सिस्टिमची पॅकेजं मोडा" असं मुद्दाम ठेवलंय, की टाइप करताना हात थरथरावा. उबुंटूची अर्धी हत्यारं सिस्टिमच्या पायथनवर चालतात. तिथे तुम्ही नमपाय बदललंत तर पिपला वाटतं आपण मालक, ॲप्टला (उबुंटूचा स्वतःचा इन्स्टॉलर) वाटतं आपण मालक, आणि पुढच्या अपडेटला दोघं मिळून तुम्हाला घराबाहेर काढतात. डेबियन १२ आणि उबुंटू २३.०४ पासून हा दरवाजा लावून घेतलाय तो उगाच नाही.

पानगळ, तुम्ही व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट केलंत तेच बरोबर. ह्यांचं ऐकू नका.

तिखटजाळ | रात्री १२:०६

माझं चालतं म्हणून सांगितलं. असो.

कोडगा | रात्री १२:१५

पानगळ, "मधे काहीतरी लाल आलं" ह्या चार शब्दांत तुमच्या चार रात्री आहेत. ते लाल काय होतं? एन्व्हायर्नमेंट चालू करून "पिप चेक" असं लिहा आणि जे येईल ते जसंच्या तसं इथे टाका. फोटो नको, मजकूर.

पानगळ | रात्री १२:२२

हे आलं:

टेन्सरफ्लो २.१५.० ला नमपाय <२.०.०, >=१.२३.५ हवं, पण तुमच्याकडे नमपाय २.२.६ आहे.

एवढंच. मग नमपाय १.२६.४ करून परत चेक केलं:

ओपनसीव्ही-पायथन ४.१२.०.८८ ला नमपाय <२.३.०, >=२ हवं, पण तुमच्याकडे नमपाय १.२६.४ आहे.
ओपनसीव्ही-पायथन-हेडलेस ४.१२.०.८८ ला नमपाय <२.३.०, >=२ हवं, पण तुमच्याकडे नमपाय १.२६.४ आहे.

हे हेडलेस कुठून आलं? मी नाही टाकलं.

कोडगा | रात्री १२:४०

हेडलेसकडे नंतर येऊ, ते वेगळंच प्रकरण आहे. आधी वरच्या ओळी शेजारी शेजारी ठेवून वाचा.

टेन्सरफ्लो २.१५ म्हणतंय: नमपाय दोनच्या खाली.
ओपनसीव्ही ४.१२ म्हणतंय: नमपाय दोन किंवा वर.

ह्या दोन अटींत बसणारा एकही आकडा अस्तित्वात नाही. म्हणजे पिप बिघडलेलं नाही, तुमचा लॅपटॉप बिघडलेला नाही, आणि पुन्हा पुन्हा इन्स्टॉल करून काही होणार नाही. दोघांपैकी एकाची आवृत्ती बदलायलाच हवी. आता प्रश्न इतकाच की कोणाची.

टेन्सरफ्लो तुम्ही हौसेने २.१५ वर धरलेलं नाही, मॉडेल त्यावर शिकवलंय. २.१६ पासून आत केरास ३ (मॉडेलच्या फाईली उघडणारा भाग) येतं आणि जुन्या फाईली उघडताना कुरकुर करतं. म्हणजे ही अट खरी आहे. ओपनसीव्हीची ४.१२.०.८८ ही अट कुठून आली? मावसभावाने "पिप फ्रीझ" करून आपल्या मशीनवर जे होतं ते सगळं आकड्यांसकट तुम्हाला दिलं. त्याच्या कोडला खरंच ४.१२ लागतं का? कॅमेऱ्यातून फ्रेम घ्यायची, आकार बदलायचा, खिडकीत दाखवायची, हे ओपनसीव्ही कित्येक वर्षं करतंय. पैजेवर सांगतो, लागत नाही.

ओपनसीव्ही ४.११.०.८६ घ्या. त्याला नमपायची फक्त खालची मर्यादा आहे, वरून दोनची सक्ती नाही. नमपाय १.२६.४ वर दोघं नांदतील.

विहीर | रात्री १२:५१

मधेच नवशिक्याचा प्रश्न. ओपनसीव्ही ४.११ नमपाय २ वर पण चालतं आणि १ वर पण, मग टेन्सरफ्लोला काय धाड भरली?

कोडगा | रात्री १:०३

चांगला प्रश्न आहे. नमपाय २.० जून २०२४ मध्ये आलं, २००६ नंतरचा पहिला मोठा आकडा. त्यात आतली बायनरी मांडणी बदलली. टेन्सरफ्लो, ओपनसीव्ही ह्या नुसत्या पायथनच्या फाईली नाहीत, आत सी++ मध्ये लिहून आधीच कंपाईल केलेला माल असतो. नमपायचा ॲरे मेमरीत कुठून कसा सुरू होतो हे तो कंपाईल होतानाच गृहीत धरतो. घराचा नकाशा बदलला आणि जुनी किल्ली घेऊन आलात तर दार उघडत नाही.

गंमत ही की उलट्या बाजूने चालतं. नमपाय २ समोर ठेवून कंपाईल केलेला माल नमपाय १ च्या बऱ्याच आवृत्त्यांवरही चालतो, तशी सोय त्यांनी मुद्दाम ठेवली. १ समोर ठेवून केलेला २ वर चालत नाही. टेन्सरफ्लो २.१५ हे २०२३ चं, तेव्हा नमपाय २ जन्मलंही नव्हतं. पण त्यांनी "<२.०.०" लिहून ठेवलं होतं, आणि ते बरोबर ठरलं.

अनामिका७ | रात्री १:१०

म्हणजे पानगळ यांनी १.२६.४ केल्यावर ओपनसीव्ही ४.१२ प्रत्यक्षात चाललं असतं? नुसती कागदावरची तक्रार?

कोडगा | रात्री १:१४

चाललंही असतं बहुतेक. पण मग पुढचं कुठलंही पॅकेज टाकलं की ते नमपाय पुन्हा वर नेणार. पानगळचं अल्ब्युमेंटेशन्स टाकल्यावर तेच झालं. कागदावर भांडण ठेवून आत संसार करायचा असेल तर रोज रात्री हा धागा वर येईल. झोपतो आता.

टर्मिनलवाली_मावशी | रविवार, सकाळी ७:३०

शुभ सकाळ. कोडगाने कोण कोणाशी भांडतंय ते सांगितलं, पण पानगळला हे भांडण पिपने पहिल्याच रात्री का नाही सांगितलं, ते राहिलं.

पानगळ, तुम्ही तीन वेळा तीन वेगळ्या कमांड दिल्यात. आधी टेन्सरफ्लो, मग ओपनसीव्ही, मग अल्ब्युमेंटेशन्स. पिप प्रत्येक वेळी फक्त त्या कमांडमध्ये जे मागितलंय त्याचा मेळ घालतं. आधीपासून बसलेल्यांच्या अटी त्या मेळात मोजल्या जात नाहीत. म्हणून ओपनसीव्ही टाकताना त्याने नमपाय २.२.६ आणलं, टेन्सरफ्लो मोडलं, आणि मग लाल अक्षरांत स्वतःच कबूल केलं की बाबांनो, बसलेल्या सगळ्या पॅकेजांचा मी सध्या विचार करत नाही, त्यामुळे पुढील भांडणं झालेली आहेत. आणि त्याखाली ऐटीत "सक्सेसफुली". ती शेवटची ओळ सगळे वाचतात, त्याच्या वरची कुणी वाचत नाही.

एकाच कमांडमध्ये तिन्ही मागितले असते तर पिपने काहीही न बसवता "जमत नाही" असं सांगितलं असतं, कोणाला काय हवंय त्यासकट. हे शहाणपण त्याला नोव्हेंबर २०२० मध्ये २०.३ आवृत्तीत आलं. त्याआधी जो पहिला दारात येईल त्याची अट मान्य, मागून येणारा उपाशी, असा कारभार होता.

तेव्हा पहिला नियम: एक फाईल करा, त्यात फक्त तुम्ही स्वतः जे थेट वापरता तेच लिहा. नमपाय लिहू नका, ते आपोआप येईल. आकडा फक्त तिथेच घाला जिथे कारण सांगता येईल. तुमच्या बाबतीत कारण फक्त टेन्सरफ्लोला आहे.

जुना_खिळा | सकाळी ८:०५

मी नोडवाला (जावास्क्रिप्टचा), पायथनवाल्यांचे हाल बघून नेहमी हसतो. आमच्याकडे प्रत्येक पॅकेज आपल्या पोटात आपली वेगळी आवृत्ती ठेवू शकतं. एकाला १ हवं, दुसऱ्याला २ हवं, घ्या दोन्ही. भांडणच नाही.

टर्मिनलवाली_मावशी | सकाळी ८:१२

आणि मग फोल्डर पाचशे एमबीचं. आणि पिअर डिपेंडन्सीच्या (सगळ्यांत मिळून एकच आवृत्ती हवी अशा अटीच्या) नावाने तुम्हीही रडताच की. एनपीएम (नोडचं पिप) ७ आलं तेव्हा "ई-रिझॉल्व्ह" बघून लेगसी-पिअर-डेप्स शोधत कोण फिरत होतं?

जुना_खिळा | सकाळी ८:१५

बरं, ते एक आहे. रिॲक्ट ही लायब्ररी एकच असावी लागते, तिथे आमचीही तुमच्यासारखीच गत.

विहीर | सकाळी ८:२०

पण मग पायथनमध्ये दोन नमपाय का नाही ठेवता येत?

जुना_खिळा | सकाळी ८:४१

पायथन चालू असताना मॉड्यूलं नावाने एका यादीत ठेवतं. "नमपाय" ह्या नावापुढे एकच जागा. पहिल्याने मागितलं ते तिथे बसलं की दुसऱ्यालाही तेच मिळतं. आणि समजा दोन बसवले, तरी ओपनसीव्हीने नमपाय २ चा ॲरे करून टेन्सरफ्लोच्या हातात दिला तर ते तो उघडणार कसं? तुमच्या कोडमध्ये फोटो ओपनसीव्ही वाचतं आणि निकाल टेन्सरफ्लो देतं, मधे ॲरे इकडून तिकडे जातोच. रस्ट भाषेच्या कार्गो ह्या पॅकेज मॅनेजरमध्ये दोन आवृत्त्या सुखाने राहतात, पण एकीचा टाइप दुसरीला दिला की कंपाईलर तिथेच अडवतो. जिथे माल एकमेकांना द्यायचा असतो तिथे आवृत्तीही एकच लागते.

सोप्यात सांगायचं तर लग्नाच्या पंक्तीसारखं आहे. मामा आले तर काका येणार नाहीत, काका नसतील तर आत्या...

डेबियनवाला | सकाळी ८:४४

उपमा पुरे. काल किल्ली, आज पंक्ती.

जुना_खिळा | सकाळी ८:४५

:) बरं. पण पंक्तीतलं एक खरं आहे. अटी वाढल्या की सगळ्यांना चालेल अशी एक मांडणी शोधणं हे गणिती दृष्ट्याच अवघड काम आहे, एनपी-कम्प्लीट (झटपट सोडवायची खात्रीची रीत कुणाला माहीत नाही). पिप एक आवृत्ती धरतं, पुढे जातं, अडलं की मागे येऊन जुनी धरून बघतं. म्हणून कधी कधी ते एकाच पॅकेजच्या वीस आवृत्त्या एकामागून एक उतरवत बसतं आणि आपल्याला वाटतं नेट स्लो आहे.

टर्मिनलवाली_मावशी | सकाळी ९:१०

पानगळ, तुम्ही पिपच्या जागी यूव्ही घ्या. रस्टमध्ये लिहिलेलं आहे, २०२४ च्या फेब्रुवारीत आलं, आता आमच्याकडे सगळे तेच वापरतात. वेगाचं सोडा. जमलं नाही तर का जमलं नाही हे ते माणसासारखं सांगतं. आत पबग्रब नावाची पद्धत आहे, मूळ डार्ट भाषेच्या पॅकेज मॅनेजरसाठी २०१८ मध्ये केलेली. ती प्रत्येक अडचणीचं कारण लक्षात ठेवते, त्यामुळे त्याच खड्ड्यात दोनदा पडत नाही आणि शेवटी ती कारणं जोडून वाक्य करते.

करायचं असं. आधी "यूव्ही व्हेन्व्ह" ला पायथन ३.११ सांगा, नसेल तर ते स्वतः उतरवून घेईल. मग "रिक्वायरमेंट्स डॉट इन" नावाच्या फाईलमध्ये तुमच्या तीन ओळी. मग "यूव्ही पिप कंपाईल" ने त्यातून "रिक्वायरमेंट्स डॉट टीएक्सटी" बनवा. शेवटी "यूव्ही पिप सिंक". पहिली फाईल तुमच्या हातची, दुसरी यंत्राची. दुसरीला हात लावायचा नाही.

आधी मुद्दाम मावसभावाचा आकडा ठेवून चालवा. काय म्हणतं ते बघण्यासारखं असतं.

पानगळ | सकाळी १०:४८

बागेतून आलो, बसलो. मुद्दाम चालवलं. म्हणतंय:

सोल्युशन सापडलं नाही. कारण टेन्सरफ्लो २.१५.० ला नमपाय >=१.२३.५, <२.०.० लागतं आणि ओपनसीव्ही-पायथन ४.१२.०.८८ ला नमपाय >=२, <२.३.० लागतं, त्यामुळे दोन्ही एकत्र बसू शकत नाहीत. आणि तुम्ही दोन्ही मागितलेत, म्हणून तुमची मागणी पूर्ण होणे नाही.

हे मला मंगळवारी कुणी सांगितलं असतं तर!

मग ओपनसीव्हीपुढचा आकडा खोडला. तीन सेकंदांत फाईल तयार. त्याने स्वतःच ४.११.०.८६ निवडलं. नमपायची ओळ अशी आहे:

नमपाय==१.२६.४
# व्हाया: अल्ब्युमेंटेशन्स, ओपनसीव्ही-पायथन, ओपनसीव्ही-पायथन-हेडलेस, टेन्सरफ्लो ...

कोण कोण नमपायच्या दारात उभं आहे ते पहिल्यांदा दिसलं. मॉडेल उघडलं!! पण फोटो खिडकीत दाखवायला गेलं की मेलं. आयएम-शो हे फंक्शन इम्प्लिमेंट केलेलं नाही, लायब्ररी जीटीके सपोर्टसह पुन्हा बनवा, असं काहीतरी. जीटीके (खिडक्या काढणारी लायब्ररी) ॲप्टने टाकून पाहिलं, काही फरक नाही.

कोडगा | सकाळी ११:१५

आता हेडलेसकडे येऊ. तुम्ही वर टाकलेल्या ओळीत उत्तर आहे. ओपनसीव्ही दोन नावांनी हजर आहे.

"ओपनसीव्ही-पायथन" मध्ये खिडक्या उघडायची सोय आहे. "हेडलेस" सर्व्हरसाठी, त्यात खिडक्या नाहीत. पायपीआयवर (पायथनच्या पॅकेजांचं कोठार) ही दोन वेगळी पॅकेजं, पण दोन्ही डिस्कवर "सीव्ही२" ह्या एकाच फोल्डरमध्ये जाऊन बसतात. जे नंतर बसेल ते आधीच्याच्या फाईलींवर आपल्या फाईली लिहितं. तुमच्याकडे हेडलेस जिंकलं, म्हणून खिडकी नाही. जीटीके ॲप्टने टाकून उपयोग नाही, कारण बनवलेल्या फाईलीतच ती सोय नाही.

आणि ह्यात पिप असो वा यूव्ही, कुणीही तक्रार करणार नाही. त्यांच्या वहीत नावं वेगळी, आकडे जुळलेले, सगळं आलबेल. आत कोण कुठल्या फोल्डरमध्ये काय ठेवतं हे अटींमध्ये लिहिलेलंच नसतं. ओपनसीव्हीवाले स्वतः सांगतात की ह्यांतलं एकच ठेवा, पण ते वाचायला माणूस लागतो.

हेडलेस कोणी आणलं ते फाईलमध्ये बघा.

पानगळ | सकाळी ११:२१

"व्हाया: अल्ब्युमेंटेशन्स".

टर्मिनलवाली_मावशी | सकाळी ११:२४

अल्ब्युमेंटेशन्स कशाला लागतंय? ते फोटो फिरवून, उजळवून शिकवण्यासाठी जास्तीचे फोटो करतं. तुम्ही मॉडेल आता शिकवत नाही, नुसतं वापरता आहात ना?

पानगळ | सकाळी ११:२६

...

कोडमध्ये वर इम्पोर्टची एक ओळ आहे. खाली कुठेच वापरलेलं नाही.

टर्मिनलवाली_मावशी | सकाळी ११:२७

काढा ती ओळ. आणि डॉट इन मधली पण.

डेबियनवाला | सकाळी ११:३०

थांबा! नुसतं सिंक करू नका. हेडलेस काढताना ते "सीव्ही२" मधल्या फाईली घेऊन जाईल आणि उरलेलं ओपनसीव्ही रिकाम्या घरात बसेल.

पानगळ | सकाळी ११:३१

उशीर झाला. "सीव्ही२ मध्ये आयएम-रीड नाही".

डेबियनवाला | सकाळी ११:३३

एन्व्हायर्नमेंटचं फोल्डरच उडवा, नवं करा, सिंक करा. त्यात तुमचं काहीच नाही, सगळं फाईलवरून परत बनतं. उतरवलेलं कॅशमध्ये आहे, मिनिटसुद्धा लागणार नाही. आणि हे उडवायला भिऊ नका, ती पुन्हा लावता येणारी कलमं आहेत.

अनामिका७ | दुपारी १२:४०

धागा वाचतेय. मला एक खटकलं. टेन्सरफ्लोने "<२" लिहिलं म्हणून पानगळ अडकले, आणि तरी ते बरोबर म्हणताय. आमच्या टीममध्ये असे वरचे कुंपण घालायला बंदी आहे. उद्या नवी आवृत्ती येते आणि काही कारण नसताना सगळे अडकतात.

टर्मिनलवाली_मावशी | दुपारी १:०५

कुंपण न घालण्याचा अनुभव सांगते. फेब्रुवारी २०२२ मध्ये मार्कअपसेफ ह्या लायब्ररीचं २.१ आलं, त्यात "सॉफ्ट-युनिकोड" नावाचं एक जुनं फंक्शन काढलं होतं. तिच्यावर उभ्या असलेल्या जुन्या जिंजा २ ह्या लायब्ररीला ते लागायचं, आणि जिंजा २ ने मार्कअपसेफला वरची मर्यादाच लिहिलेली नव्हती. शुक्रवारी चालणारा आमचा बिल्ड सोमवारी पडला. आमच्या कोडमध्ये एका अक्षराचा बदल नाही. जिंजाचा आकडा आम्ही बांधला होता, पण जिंजाच्या मागे कोण उभं आहे तिकडे लक्ष नव्हतं. म्हणून कंपाईल केलेली पूर्ण फाईल, जिच्यात मागे उभ्या असलेल्यांचेही आकडे आहेत.

माझं मत: लायब्ररी लिहिणाऱ्याने कुंपण जपून घालावं, कारण त्याची किंमत वापरणारे देतात. पण अंतिम प्रोग्रॅम चालवणाऱ्याने सगळं बांधून ठेवावं. टेन्सरफ्लोसारखा कंपाईल केलेला माल असेल तर कुंपण हवंच.

शब्दखुळा | दुपारी १:३०

ह्यात आणखी एक पाचर आहे, मी त्यात दोन दिवस घालवलेत. मराठी बोलण्याच्या रेकॉर्डिंगवर काम करतो, लिब्रोसा (आवाजाची लायब्ररी) लागतं. त्याच्या मागे नंबा, त्याच्या मागे एलएलव्हीएमलाइट. नंबा प्रत्येक आवृत्तीत नमपायला वरचं कुंपण घालतं. छान. पण नंबाच्या फार जुन्या आवृत्तीत, ०.५३.१ मध्ये, ते नव्हतं. पायपीआयवर एकदा चढवलेल्या आवृत्तीच्या अटी नंतर दुरुस्त करता येत नाहीत.

मग काय होतं? मेळ घालणारा नमपायची सर्वात नवी आवृत्ती धरतो. नव्या नंबाचं कुंपण आडवं येतं. मागे जातो. तिथेही कुंपण. मागे, मागे, आणि २०२१ च्या नंबाशी येऊन म्हणतो, वा, ह्यांची काहीच हरकत नाही! हरकत नव्हती कारण कुणी लिहिलीच नव्हती. मग त्याच्यासोबतचं जुनं एलएलव्हीएमलाइट बनवायला घेतो आणि ते म्हणतं, मी पायथन ३.१० च्या खालीच चालतो. मी आधी त्या शेवटच्या एररवरच डोकं फोडत बसलो. चूक तिथे नव्हती. नंबाला खालची मर्यादा घातली, ">=०.५९", प्रश्न मिटला.

तेव्हा एखादं पॅकेज अचानक चार वर्षं जुन्या आवृत्तीत दिसलं तर समजा, मेळ घालणारा पळवाटेने गेलाय.

अनामिका७ | दुपारी १:४८

हे माहीत नव्हतं. धन्यवाद.

पानगळ, तुमच्यासाठी दुसरी वाटही आहे. टेन्सरफ्लो २.१८ नमपाय २ वर चालतं, त्याची अट <२.१.०, >=१.२६.० अशी आहे. मग ओपनसीव्ही ४.१२ पण राहील, दोघांच्या मधे नमपाय २.०.२ बसतं. आणि ते पायथन ३.१२ वरही चालतं, म्हणजे ३.११ चं लोढणं नको. जुन्या मॉडेलसाठी "टीएफ-केरास" नावाचं पॅकेज त्याच आवृत्तीचं टाका आणि "टीएफ-यूज-लेगसी-केरास" ला १ करा, म्हणजे केरास २ मिळतं.

कोडगा | दुपारी २:१०

ही वाट मला सुचायला हवी होती. लांब पल्ल्याला हीच बरी, कारण पायथन ३.११ ला सुरक्षेचे अपडेट ऑक्टोबर २०२७ नंतर येणार नाहीत. पण आज डाऊनीच्या हंगामात पानगळने मॉडेलखालचा पाया हलवावा असं मला वाटत नाही. नव्या पायावर तेच फोटो तेच निकाल देतायत का, हे आधी तपासावं लागेल. आत्ता २.१५, पाऊस गेला की २.१८.

पानगळ | संध्याकाळी ६:५५

चाललं! फोल्डर उडवून नवं केलं, खिडकी उघडली, त्यात पान, पानावर चौकट. घरच्यांना बोलावून दाखवलं. आई म्हणाली, एवढंच?

दुपारी काकांच्या बागेतले चाळीस फोटो टाकले. दोन पानांना डाऊनी सांगितलं. संध्याकाळी बॅटरी घेऊन तिथे गेलो. एकावर वरून तेलकट डाग होता, उलटं केलं तर खाली पांढरी बुरशी. दुसऱ्यावर औषधाचा वाळलेला थेंब होता. म्हणजे मॉडेल पूर्वीइतकंच हुशार आणि पूर्वीइतकंच बावळट आहे, जुन्या लॅपटॉपवरही ते थेंबाला फसायचं.

माझी डॉट इन फाईल आता दोन ओळींची आहे:

टेन्सरफ्लो==२.१५.०  # मॉडेल ह्यावर शिकवलंय, पाऊस संपेपर्यंत हलवू नये
ओपनसीव्ही-पायथन

मावसभावाला ४.१२ चं विचारलं. म्हणाला, "मला काय माहीत, माझ्याकडे तेच होतं."

विहीर | संध्याकाळी ७:०२

अभिनंदन! यंत्राने बनवलेली मोठी फाईल पण ठेवलीत ना?

पानगळ | संध्याकाळी ७:०५

हो, दोन्ही ठेवल्यात.

टर्मिनलवाली_मावशी | संध्याकाळी ७:०६

कुठे?

पानगळ | संध्याकाळी ७:११

लॅपटॉपवर.

टर्मिनलवाली_मावशी | संध्याकाळी ७:११

पानगळ!!

पानगळ | संध्याकाळी ७:१४

पेन ड्राइव्ह शोधतोय.